दोघे बसलेले, एक निघालेला

रस्त्याकडेला गवताने शाकारलेलं एक बैठं घर. समोरची बाजू सताड उघडी. पुढच्या बाकावर दोन वाटसरू टेकले आहेत आणि त्यांतल्या एकाने वाडगा थेट तोंडाला लावला आहे. पाठीशी तान्हं मूल बांधलेली बाई हातात तबक घेऊन त्यांना वाढायला आली आहे. घराशेजारी प्लमचं झाड फुललं आहे, मागे एक गोलसर, बुटका डोंगर आहे. आणि या सगळ्याकडे पाठ करून, खांद्यावर काठी टाकून, एक माणूस आपल्या वाटेने निघाला आहे. उतागावा हिरोशिगेच्या ‘मारिको’ या चित्रात एवढंच घडतं. प्रवाशांच्या खाणावळीवर जगभर पुष्कळ लिहिलं आणि रंगवलं गेलं आहे. पण खाणावळ म्हणजे नेमकं काय, हे जेमतेम २५ सेंटिमीटर उंच आणि ३८ सेंटिमीटर रुंद कागदावर इतक्या कमी सामानात सांगणारं दुसरं चित्र मला माहीत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. एदो, म्हणजे आजचं तोक्यो, आणि क्योतो यांना जोडणारा तोकाइदो हा सुमारे ४९० किलोमीटरचा रस्ता. १६०१ पासून जपानचा सत्ताधीश तोकुगावा इएयासू याने त्यावर मुक्कामाची ठाणी बसवली. त्यांची संख्या पुढे ५३ झाली. पायी हा प्रवास दोन आठवड्यांच्या आसपास चाले. सरदारांसाठी ‘होन्जिन’, साध्या लोकांसाठी रात्रीचं आणि सकाळचं जेवण देणारं ‘हातागो’, आणि ज्यांच्या गाठीला तेवढेही पैसे नसत त्यांच्यासाठी जळणाचे पैसे घेऊन आपला भात आपण रांधू देणारी पडवी, अशी उतरण्याची उतरंड ठरलेली होती. या सगळ्यांच्या मधल्या वाटेवर चहाची दुकानं. तिथे कोणी राहत नसे, फक्त टेकत असे. हिरोशिगेने मारिको या ठाण्यासाठी होन्जिन निवडलं नाही, हातागोही नाही. त्याने हे टेकण्याचं ठिकाण निवडलं.

हिरोशिगे मूळचा एदोच्या अग्निशमन दलातला वंशपरंपरागत चाकरमाना. १८३३-३४ च्या सुमारास होएइदो या प्रकाशनासाठी त्याने तोकाइदोची मालिका केली तेव्हा तो छत्तिशीत होता. ५३ ठाणी, शिवाय सुरुवातीचा एदोतला पूल आणि शेवटचं क्योतो अशी ५५ चित्रं. लाकडी ठशांनी छापलेली ही चित्रं श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठी नव्हती. सोबा शेवयांच्या वाडगा-दोन वाडग्यांच्या किमतीत ती मिळत. म्हणजे मारिकोचं चित्र विकत घेणारा एदोतला कारागीर साधारण एका जेवणाच्या पैशात एका जेवणाचं चित्र घरी नेत होता. हे ध्यानात ठेवून चित्र पाहिलं की त्यातला साधेपणा किती तोलून मापून आणलेला आहे ते कळू लागतं.

रचना पाहा. चित्राचा सगळा भार त्या घरावर आहे. छप्पर इतकं जाड आणि इतकं खाली उतरलेलं, की खाली बसलेली माणसं त्याच्या पंखाखाली आल्यासारखी वाटतात. मागच्या डोंगराची रेषाही छपरासारखीच बोथट, कुठेही टोक नाही. याच मालिकेत हिरोशिगेने हाकोनेचा घाट कोनाकोनांतून, रंगांचे तुकडे जोडून, अंगावर येईल असा काढला आहे. त्यामुळे मारिकोतला हा गोलवा हेतुपूर्वक आलेला आहे यात शंका उरत नाही. डोंगरापासून वाडग्यापर्यंत सगळं वाटोळं, सगळं विसावलेलं. त्याला छेद देतो फक्त त्या पाठमोऱ्या माणसाच्या खांद्यावरचा तिरपा दांडा.

हा पाठमोरा माणूस काढून टाकून चित्राची कल्पना करून पाहावी. काय उरतं? दोन गिऱ्हाईकं आणि वाढणारी बाई, म्हणजे एखाद्या दुकानाची जाहिरात. तो आहे म्हणून घरासमोरची जागा रस्ता ठरते, आणि घर खाणावळ ठरतं. खाणावळीत माणसं येतात हे तिचं अर्धंच लक्षण. घरातसुद्धा माणसं येतातच. खाणावळीतून माणूस खाऊन उठतो आणि मागे वळून न पाहता जातो, त्याचा कुणाला राग येत नाही, त्यात कृतघ्नपणा नसतो. बसलेल्या दोघांनी त्या माणसाकडे पाहिलेलं नाही, त्यानेही त्यांच्याकडे पाहिलेलं नाही. थोड्या वेळाने हे दोघेही तसेच उठणार आहेत. हिरोशिगेने विसाव्याच्या चित्रात विसाव्याची मुदत काढून ठेवली आहे.

आता तो तोंडाला लावलेला वाडगा. त्यात काय आहे हे चित्रातल्या पाटीवर लिहिलेलंच आहे: इथली प्रसिद्ध तोरोरो-जिरु. शिवाय चहा ओतलेला भात, साके आणि सोबतीला तोंडी लावणं मिळेल, असंही पाट्या सांगतात. तोरोरो म्हणजे ‘जिनेन्जो’ या रानकंदाचा कीस. आपल्याकडे कोकणात करांदे आणि कोनफळं खातात, त्यांच्याच कुळातला हा कंद. डोंगरउतारावर तो जमिनीत खोल, वाकडातिकडा उतरत जातो, दगड आला की वळसा घेतो, आणि न मोडता काढायचा तर माती हलक्या हाताने दूर करत मीटरभर खाली जावं लागतं. थंडीत वेल वाळला की त्याचा हंगाम. तो शिजवत नाहीत. आतून रेघा-रेघांची खरबरीत केलेली मातीची कुंडी असते, तिच्या अंगावरच कंद घासतात आणि मग लाकडी बत्त्याने घोटत राहतात. भेंडी चिरताना सुटते तशी तार त्याला येते, फक्त कितीतरी दाट. त्यात मिसो घातलेला गरम रस थोडा थोडा ओतत, अंडं घालत घोटलं की पांढुरकं, फुगलेलं, ओघळणारं मिश्रण तयार होतं. ते जव घातलेल्या भातावर ओतायचं आणि वाडगा उचलून ओठांना लावायचा. चावण्याचं काम जवळजवळ नाहीच. कच्च्या कंदातल्या पाचक द्रव्यांमुळे ते पोटालाही जड होत नाही.

म्हणजे तोंडाला लावलेला वाडगा ही चित्रकाराने पकडलेली कुठलीतरी एक लकब नाही. हे अन्न असंच खाल्लं जातं, आणि चालणाऱ्या माणसाला असंच अन्न हवं असतं: झटकन पोटात जाणारं, अंगात बळ आणणारं आणि पुढच्या चढावर सुस्ती न आणणारं. ठाण्याठाण्याचं एक ‘नामांकित’ असायचं. कुवानाला भाजलेले शिंपले, आबे नदीकाठी मोची म्हणजे तांदळाचे चिकट गोळे, कुसात्सूला ‘उबागा-मोची’. प्रवासी ते खायला थांबत आणि परतल्यावर त्यावर बोलत. १८३० साली इसेच्या देवळाच्या यात्रेला लाखो लोक निघाले होते, त्याला तीनच वर्षं उलटली होती. रस्त्यावरच्या चवी लोकांच्या जिभेवर ताज्या होत्या. मारिको हे काही मोठं गाव नव्हे. १८४३ च्या नोंदीत २११ घरं, ७९५ माणसं आणि २४ हातागो. पण या कंदाने त्याला नाव मिळवून दिलं.

इथपर्यंत चित्र डोळ्यांना दिसतं तेवढ्यावर वाचता येतं. पण त्या काळच्या जपानी वाचकाला त्यात आणखी दोन पुस्तकं दिसत होती, आणि खरी गंमत तिथून सुरू होते.

पहिलं पुस्तक बाशोचं. शिरीष पै यांच्यामुळे हायकू मराठी वाचकाला परका राहिलेला नाही, आणि हायकू म्हटलं की बाशो आलाच. १६९१ च्या सुरुवातीला बाशो बिवा सरोवराकाठच्या ओत्सू गावी होता आणि त्याचा शिष्य ओतोकुनी एदोला निघाला होता. निरोप देताना बाशोने एक हायकू रचला, तो त्याच वर्षीच्या ‘सारुमिनो’ या संग्रहात आला. त्यात वसंताची चाहूल देणाऱ्या प्लमबरोबर मारिकोच्या या रस्स्याचं नाव येतं. निघणाऱ्या माणसाला ‘सांभाळून जा’ म्हणण्याऐवजी वाटेत काय खायला मिळेल ते सांगणं, यात जो जिव्हाळा आहे तो सांगण्यापलीकडचा. बाशो स्वतः त्या वेळी मारिकोत नव्हता. तो आठवणीतून आणि दुसऱ्याच्या येऊ घातलेल्या भुकेतून लिहीत होता. हिरोशिगेच्या चित्रात फुललेला प्लम आहे तो या हायकूतून आला आहे. मालिकेतली चित्रं एकाच ऋतूतली नाहीत. कुठे बर्फ आहे, कुठे पावसाची सर. मारिकोला मात्र वसंताचं तोंडच हवं होतं, कारण बाशोने ते तसं ठरवून ठेवलं होतं.

दुसरं पुस्तक या सगळ्याच्या अगदी उलट. जिप्पेन्शा इक्कूचं ‘तोकाइदोचू हिझाकुरिगे’, १८०२ पासून भागाभागाने निघालेलं आणि लोकांनी डोक्यावर घेतलेलं. याजी आणि किता नावाचे दोन उनाड एदोकर तोकाइदोने पायी निघतात आणि प्रत्येक ठाण्यावर फजिती करून घेतात. इक्कू जन्माने फुचूचा, म्हणजे मारिकोच्या आधीच्याच ठाण्याचा. त्यामुळे मारिकोचा प्रसंग लिहिताना त्याचा हात मोकळा सुटला आहे. दोघे मारिकोच्या चहाच्या दुकानात येतात आणि तोरोरो मागवतात. मालक कंद घोटायला बसतो, पण बत्ता उलटा धरलेला. तान्हं पाठीशी घेऊन, केस पिंजारलेली त्याची बायको येते आणि नवरा-बायकोची जुंपते. तो तिला बत्ता हाणतो, ती कुंडी भिरकावते, कीस जमिनीवर सांडतो आणि मालक त्यावरून घसरतो, बायको घसरते, भांडण सोडवायला आलेली शेजारीणही घसरते. याजी आणि किता हा तमाशा पाहतात आणि उपाशीच पुढे निघतात.

आता चित्राकडे परत पाहा. दोन वाटसरू. पाठीशी तान्हं असलेली बाई. तोरोरो. एदोतल्या कुठल्याही वाचकाला हे दोघे कोण ते लगेच उमगलं असणार, आणि आजचे अभ्यासकही त्यांच्याकडे याजी-किता म्हणूनच बोट दाखवतात. पण हिरोशिगेने प्रसंग बदलला आहे. पुस्तकात जे जेवण सांडलं ते चित्रात वाढलं गेलं आहे. नवरा नाही, भांडण नाही, बत्ता नाही. बाई शांतपणे वाकून तबक पुढे करते आहे. इक्कू १८३१ साली वारला, आणि दोनेक वर्षांत हिरोशिगेने त्याच्या उपाशी गेलेल्या नायकांना मारिकोत बसवून पोटभर खाऊ घातलं. विनोदाचा हसू आणणारा सगळा मसाला काढून टाकूनही चित्र विनोदी राहतं, कारण पाहणाऱ्याला काय झालं होतं ते ठाऊक आहे. आणि बाशोचा प्लम शेजारी उभा केल्यामुळे त्या हसण्याला एक मऊपणा येतो. एक कवी आणि एक हास्यलेखक एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहिले नसते, त्यांना हिरोशिगेने एका छपराखाली आणलं. हे काम खाणावळीचंच.

हिरोशिगे स्वतः मारिकोत जेवला होता का? १८३२ साली शोगुनने सम्राटाला पाठवलेल्या घोड्यांच्या पथकाबरोबर तो तोकाइदोने गेला, असं परंपरेने सांगतात. अभ्यासकांना ते पटत नाही. काही चित्रांसाठी त्याने १७९७ च्या एका सचित्र प्रवासग्रंथातली दृश्यं उचलली, हे मात्र उघड आहे. मला यात चित्राचं काही उणं झालेलं दिसत नाही. बाशोनेही तो रस्सा दुरूनच लिहिला होता.

मालिकेतल्या इतर खाणावळींशेजारी ठेवलं की मारिको अधिकच उठून दिसतं. गोयू ठाण्याच्या चित्रात संध्याकाळ झाली आहे आणि सरायांतल्या बायका रस्त्यात उतरून प्रवाशांना ओढताहेत. एकीने तर एकाच्या गळ्यातलं गाठोडंच धरलं आहे, त्याचा जीव घुसमटतोय. शेजारी सरायच्या उंबऱ्यावर टेकलेल्या प्रवाशाचे पाय धुण्यासाठी म्हातारी पाणी आणते आहे, आणि भिंतीवरच्या पाट्यांवर चक्क चित्राच्या प्रकाशकाचं, कोरक्याचं आणि छापणाऱ्याचं नाव! धंद्याची ओरड जिथे चालली आहे, तिथेच हिरोशिगेने आपल्या धंद्याचीही जाहिरात करून घेतली. पुढच्याच आकासाकाच्या चित्रात तो सरायच्या आत शिरतो. मधोमध अंगणातलं सायकसचं झाड, एका बाजूला न्हाऊन आलेलं गिऱ्हाईक आणि त्याच्यासाठी येणारं जेवण, दुसऱ्या बाजूला रात्रीसाठी नटणाऱ्या बायका. सरायच्या दोन्ही बाजू, प्रकाशातली आणि पडद्याआडची, एकाच वेळी दिसतात. मारिकोत यातलं काहीच नाही. कोणी ओढत नाही, कोणी नटत नाही, आणि पाटीवर दुकानाचं नावही नाही.

हे शेवटचं निरखून घेण्यासारखं आहे. पाट्यांवर पदार्थांची नावं आहेत, मालकाचं नाही. मारिकोत चोजिया नावाची खाणावळ आजही चालू आहे. १५९६ हे आपलं स्थापनेचं साल ती सांगते, म्हणजे ठाणं बसण्याच्याही आधीचं. चित्रातलं घर ते आमचंच, असं चोजिया मानते. चित्र हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. पण पुढे जे घडलं ते कुठल्याही पुराव्यापेक्षा बोलकं आहे. बाराव्या पिढीच्या मालकाला हिरोशिगेच्या चित्रातलं घर खुणावू लागलं, आणि १९७० च्या सुमारास त्याने जवळपासचं एक जुनं, गवती छपराचं घर आणून आपल्या जागेवर उभं केलं. आधी रस्सा, मग त्यावर हायकू, मग त्यावर विनोद, मग या दोहोंवर चित्र, आणि शेवटी चित्राबरहुकूम घर. सध्या तिथे चौदावी पिढी आहे. शिंकान्सेन गाडी तोक्यो ते क्योतो अंतर सव्वादोन तासांच्या आसपास कापते, त्यामुळे चालून दमलेला माणूस आता मारिकोत येत नाही. येतो तो मुद्दाम वाट वाकडी करून. त्याला जे पाहायचं असतं ते हिरोशिगेने ठरवलेलं असतं.

सगळ्याच सरायांना हे जमलं नाही. आकासाकाची ओहाशिया १६४९ पासून चालत होती. तोकाइदोवर माणसांना रात्री उतरवणाऱ्या जुन्या हातागोंतली ती शेवटची उरलेली, २०१५ साली बंद झाली. वास्तू जपली गेली, पण तिथे आता कोणी झोपत नाही. मुक्काम देणाऱ्या घराला रस्त्यावर रात्र पडणारा प्रवासी लागतो, आणि तो नाहीसा झाला. वाडगाभर अन्न देणाऱ्या दुकानाला फक्त भूक लागते. हिरोशिगेने सुमारे एकशे ऐंशी वर्षं आधी, नकळत, टिकणारी बाजू निवडली होती.

चित्रावर एक आक्षेप घेता येतो आणि तो घ्यायलाही हवा. ही बाई खरोखर इतकी शांत असेल? पाठीवर मूल, हातात तबक, मागे चूल, आणि दिवसभर येणारे-जाणारे. इक्कूच्या पुस्तकातली पिंजारलेली, चिडलेली बाई कदाचित खरी होती, आणि हिरोशिगेने तिला गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतून पाहून गोड केली. हे मला मान्य आहे. तरीही त्याने मूल तिच्या पाठीवरून उतरवलं नाही. चित्र सुंदर करायचं असतं तर ते सहज करता आलं असतं. प्लमच्या फुलांखाली एक सुबक तरुणी उभी केली असती, तशा हजारो चित्रांची तेव्हा बाजारात चलती होती. त्याऐवजी इथे काम करणारी आई आहे, आणि वाकलेल्या पाठीवरच्या त्या ओझ्यामुळे दोघांच्या आयत्या जेवणाला कुणाची तरी मेहनत चिकटलेली दिसते. बसलेले दोघे, चालणारा एक आणि उभी असलेली ती. चित्रात विसावा फक्त पहिल्या दोघांना आहे.

हे चित्र सुटं पाहण्याची सवय आता पडली आहे. कॅलेंडरवर, पोस्टकार्डावर ते एकटंच येतं. ते मालिकेत, आपल्या जागेवर पाहायला हवं. त्याच्या आधीचं चित्र फुचूचं. तिथे आबे नदी ओलांडली जाते आहे. पूल नाही, हमालांच्या खांद्यांवरून आणि लाकडी चौकटींवरून बायका पाण्यावर तरंगत चालल्या आहेत, छातीभर पाण्यातले हमाल त्यांना तोलून धरताहेत. त्याच्या नंतरचं चित्र ओकाबेचं. तिथे उत्सुनोयाचा घाट आहे, दोन्हीकडून डोंगर चेपत आलेले, मधून अरुंद वाट, बाजूला ओहोळ. एका चित्रात सगळे पाण्यात, दुसऱ्यात सगळे चढावर. या दोहोंच्या मध्ये हे एक चित्र सपाट जमिनीवरचं, ज्यात कोणाचाही तोल जात नाही. नदी आणि घाट यांच्यामध्ये खाणावळ उघडणाऱ्याला प्रवाशाची भूक कळली होती. नदी आणि घाट यांच्यामध्ये हे चित्र ठेवणाऱ्याला ती भूक पाहणाऱ्याच्या डोळ्यांत कशी निर्माण करायची ते कळलं होतं. मारिकोची थोरवी म्हणून एकट्या मारिकोत सापडत नाही. ती फुचू पाहून येणाऱ्याला आणि ओकाबेकडे निघणाऱ्यालाच पुरती कळते.